शेपटीची क्रियापदे
मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर



वर्धापनदिनी बोलावयाचे म्हणजे एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी आपली रीत आहे. परंतु चिटणीसबाईंनी मला आधीच बजावले की, "भारदस्त काही नको. बुधवारच्या वर्गात ज्या वस्तूने सगळ्यांना रडकुंडीस आणले आहे, तेवढी उलगडून सांगा." ही वस्तू म्हणजे इंग्रजीतील 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' असली क्रियापदे. व्याकरणात त्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. आपल्या वर्गात कोणीतरी त्यांना 'शेपटीची क्रियापदे' असे नाव ठेवले आणि ते मला इतके आवडले की आज मी तेच वापरणार आहे.

रडकुंडीस येण्याचे कारण उघड आहे. अवघड शब्द अडला तर आपण निमूटपणे कोश उघडतो, त्याची लाज वाटत नाही. येथे प्रत्येक शब्द ओळखीचा असतो. 'पुट' हा शब्द पहिलीतल्या मुलाला ठाऊक, 'अप' लिफ्टच्या बटणावर असतो, 'विथ' तर चहावाल्यालाही माहीत. पण तिघे एकत्र आले, 'पुट अप विथ' झाले, की त्याचा अर्थ होतो सहन करणे, सोसणे! ठेवण्याचा संबंध नाही, वर जाण्याचा नाही आणि कोणाबरोबरचाही नाही. ओळखीच्या तीन माणसांनी संगनमत करून आपल्याला फसवावे, तसे वाटते. आणि मग मन म्हणते, एवढे सोपे शब्द, तरी आपल्याला कळले नाहीत. म्हणजे आपले डोकेच चालत नाही.

तसे मुळीच नाही. इंग्रजीचा पहिला मोठा कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ साली कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतच त्याने नमूद करून ठेवले आहे की, क्रियापदाला असे लहानसे अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची या भाषेची जी खोड आहे, तिचा परकीयांना फार जाच होतो. म्हणजे आपली तक्रार अडीचशे वर्षांपूर्वीच दाखल झालेली आहे. या क्रियापदांना आजचे नाव मात्र बरेच उशिरा मिळाले. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते छापले आणि ते सुचवले ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. भाषा शेकडो वर्षे बोलली जात होती, नाव नव्हते. त्यावाचून कोणाचे अडलेही नाही.

आता ही खोड आपल्याला खरोखरच इतकी परकी आहे का, ते पाहू. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांनी 'हृ' हा एकच धातू आठवावा. त्याला 'आ' लावला की आहार, 'वि' लावला की विहार, 'प्र' लावला की प्रहार, 'सम्' लावला की संहार, 'परि' लावला की परिहार आणि 'उप' लावला की उपहार. जेवण, भटकणे, मारणे, नाश, निरसन आणि भेट, एवढे सगळे एका अक्षराच्या फरकाने! संस्कृताने ते अव्यय क्रियापदाच्या पुढे लावले, इंग्रजीने मागे लावले. एकीला शिंग आहे, दुसरीला शेपटी. एवढाच काय तो भेद.

संस्कृत नसेल झाले तरी बिघडले नाही, कारण आपली मराठी या कामात कोणालाच हार जाणारी नाही. आपण एका क्रियापदाच्या पाठीला दुसरे क्रियापद बांधतो. 'देणे' हे साधे क्रियापद घ्या. देऊन टाकले, देऊन ठेवले, देऊन बसले, देऊन पाहिले; चारही ठिकाणी दिलेच, पण 'देऊन टाकले' यात मोकळे झाल्याची भावना आहे, 'देऊन ठेवले' यात पुढची तजवीज आहे, 'देऊन बसले' यात पश्चात्ताप आहे आणि 'देऊन पाहिले' यात प्रयोग आहे. 'ती रागाच्या भरात काहीतरी बोलून गेली' असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोठेही गेलेली नसते, तेथेच उभी असते. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परकीय बाईला हे समजावून देऊन पाहा, म्हणजे 'पुट अप विथ' शिकवणाऱ्या मास्तरांची दया येईल.

मौज अशी की पुष्कळ ठिकाणी दोन्ही भाषांची जोडी जुळते, आणि बुधवारी आपण ज्याच्या आधाराने चालणार आहोत ते हेच. 'अप' या शेपटीचा एक मोठा अर्थ 'काम पुरते करणे' हा आहे आणि तो आपल्या 'टाकणे'चा सख्खा भाऊ आहे. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, पानात काही ठेवू नकोस. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवून टाकणे. 'आउट' या शेपटीचे काम आपले 'काढणे' करते. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे, 'वर्क आउट' म्हणजे हिशेब करून उत्तर काढणे. लपलेली वस्तू बाहेर आणण्याची कल्पना दोन्हीकडे एकच. 'ऑन' ही शेपटी पुष्कळदा आपल्या 'राहणे'सारखी चालते. 'कीप ऑन' म्हणजे करीत राहणे, 'कॅरी ऑन' म्हणजे चालू ठेवणे. 'अवे' आली की वस्तू हातातून गेली असे समजावे. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे, 'थ्रो अवे' म्हणजे फेकून देणे. 'डाउन' पुष्कळदा कमी होण्याचे, निवण्याचे काम करते. 'स्लो डाउन' म्हणजे वेग कमी करणे, 'काम डाउन' म्हणजे शांत होणे.

आणि 'पुट ऑन' तर आपल्या 'लावणे'चेच जणू भाषांतर आहे. आपण दिवा लावतो, कुकर लावतो, गाणी लावतो, जखमेला मलम लावतो, कपाळाला कुंकू लावतो. या पाचही ठिकाणी इंग्रजीत 'पुट ऑन' चालते. जोडी तुटते ती पुढे. कपडे आपण 'घालतो', इंग्रज तेथेही 'पुट ऑन'च म्हणतो. वजन आपले 'वाढते', तो वजनही 'पुट ऑन' करतो. आणि आपण 'दार लावले' म्हटले की त्याला तेथे 'पुट ऑन' मुळीच चालत नाही. तेव्हा जोडी हा आधार आहे, कायदा नव्हे. दोन्ही भाषांना आपापले लहरीपण आहे. इंग्रजीत अर्ज 'फिल इन' करतात आणि 'फिल आउट'ही करतात, अर्थ एकच! घर जळून 'डाउन' होते आणि कागद जळून 'अप' होतो. अशा ठिकाणी तर्क लढवू नये. आपणही 'दिवा लावला' म्हणजे उजेड केला आणि 'दार लावले' म्हणजे उजेड बंद केला, असे एकाच तोंडाने म्हणतोच की.

येथे एक प्रश्न कोणीही विचारील. आपण शाळेत इतकी वर्षे इंग्रजी शिकलो, कित्येक घरांतून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ झाली, तरी ही क्रियापदे आपल्याला अनोळखी का राहिली? याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या दरबार, न्यायालय आणि विद्या यांत फ्रेंच व लॅटिन यांचा अंमल राहिला. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला पुष्कळदा दोन शब्द झाले, एक माजघरातला आणि एक दिवाणखान्यातला. विझवणे याला माजघरातला शब्द 'पुट आउट', दिवाणखान्यातला 'एक्स्टिंग्विश'. सोसणे याला 'पुट अप विथ' आणि 'टॉलरेट'. पुढे ढकलणे याला 'पुट ऑफ' आणि 'पोस्टपोन'. आपल्याकडे इंग्रजी आले ते कचेरीतून आणि पुस्तकातून. म्हणून आपल्या वाट्याला दिवाणखान्यातले शब्द आले. आपल्यातील कितीतरी जणींना 'पोस्टपोन' येतो पण 'पुट ऑफ' येत नाही, याचे कारण हे आहे. मात्र लहान मुलाशी 'टॉलरेट' आणि 'एक्स्टिंग्विश' यांत बोलणे म्हणजे आपण नातवाला "बाळ, दुग्धप्राशन कर" म्हणण्यासारखे आहे. तो दूध पिईल कदाचित, पण आजीकडे विचित्र नजरेने पाहील.

हे सारे गमतीचे झाले. पण मंडळाने हा वर्ग गमतीसाठी काढलेला नाही. आपल्यापैकी निदान डझनभर जणींच्या मुली किंवा सुना परदेशी आहेत, आणि बाळंतपणासाठी तिकडे जाणे हे आता आपल्या वयाच्या बायकांचे एक नेमून दिलेले कामच झाले आहे. तेथील रुग्णालयात परिचारिका येऊन विचारते ते पुस्तकी इंग्रजीत नव्हे. 'व्हॉमिट' हा शब्द आपल्याला कळला असता, पण ती विचारते, "डिड शी थ्रो अप?" म्हणजे उलटी झाली का? 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे, 'कम राउंड' म्हणजे शुद्धीवर येणे, अंगावर पुरळ 'ब्रेक आउट' होते, सूज येते ते 'स्वेल अप'. मुलगी झोपेत असेल, जावई कामावर असेल, आणि उत्तर देणारी आपण एकट्याच असू, तर ही आठ-दहा क्रियापदे ठाऊक असणे किती मोलाचे आहे हे सांगायला नको.

आणि परदेशी कशाला? येथेही डॉक्टर लोक अर्धे बोलणे इंग्रजीतच करतात. मीठ 'कट डाउन' करा म्हटले तर कमी करा. 'कट आउट' करा म्हटले तर पूर्ण बंद करा. शेपटी बदलली की पथ्य बदलले. गोळीवर 'स्टे ऑन' म्हणजे ती चालू ठेवायची, 'कम ऑफ' म्हणजे ती सोडायची. शस्त्रक्रिया 'पुट ऑफ' झाली म्हणजे पुढची तारीख मिळणार, 'कॉल ऑफ' झाली म्हणजे रद्दच झाली. या जोड्यांत चूक झाली तर ती हसण्यावारी नेण्यासारखी नसते. माझे तर स्पष्ट मत आहे की, औषधाच्या बाबतीत शंका आली तर आपले इंग्रजी कितीही सुधारलेले असो, तेथेच डॉक्टरांना थांबवून मराठीत विचारावे. त्यात कमीपणा नाही. ज्याला रोग्याच्या भाषेत सांगता येत नाही, थोडा कमीपणा त्याने घ्यावा.

दूरध्वनीवरही हाच प्रकार आहे. 'हँग ऑन' म्हणजे थांबा, फोन ठेवू नका. 'हँग अप' म्हणजे फोन ठेवून द्या. नेमके उलट! माझ्या ओळखीच्या एका बाई मुलाच्या कचेरीत परदेशी फोन करीत. पलीकडची मुलगी नम्रपणे "हँग ऑन, प्लीज" म्हणे, आणि बाई तितक्याच नम्रपणे फोन ठेवीत. तीन वेळा असे झाले. मुलाला वाटले आई रागावली, आईला वाटले मुलगा भेटत नाही. एका शेपटीपायी माय-लेकरांत दोन दिवस अबोला.

इंग्रजी शिकण्यासाठी आपल्या आधीच्या बायकांनी काय सोसले, ते या प्रसंगी थोडक्यात आठवावेसे वाटते. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहातच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. रमाबाई रानडे यांचे १८७३ साली, अगदी लहान वयात लग्न झाले आणि न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतले; घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्याला किती विरोध केला ते त्यांनी १९१० च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरची पदवी घेतली ती परक्या भाषेत. आपल्याला घरातून विरोध नाही. फार तर नातवंडे उच्चाराला हसतात. हसू द्यावीत. त्यांचे मराठी ऐकून आपणही हसतो.

आता किती शिकावे आणि कसे शिकावे, याकडे वळते. बाजारात 'पाचशे फ्रेझल व्हर्ब' अशी वर्णानुक्रमाने लावलेली पुस्तके मिळतात. ती घेऊ नका असे माझे सांगणे आहे. 'टेक' या क्रियापदाखाली टेक ऑफ, टेक ऑन, टेक इन, टेक आउट, टेक अप, टेक ओव्हर अशी ओळ लागलेली असते, आणि बिचारी शिकणारी सारी एका दमात घोकते. दुसऱ्या दिवशी सगळ्या शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. एकसारखे दिसणारे नवे शब्द एकाच बैठकीत शिकले तर ते एकमेकांना घोटाळ्यात पाडतात, हे अभ्यासकांनी प्रयोगाने दाखवलेले आहे, आणि जुळ्या मुलींच्या वर्गशिक्षिकेला ते प्रयोगावाचूनही कळते. आज 'टेक ऑफ' शिकलो, तर 'टेक ऑन' पंधरा दिवसांनी शिकावे.

थोडे शिकून पुष्कळ भागते, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. सी. के. ऑग्डेन या इंग्रज गृहस्थाने १९३० साली अवघ्या ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले. त्यात क्रियापदे किती? फक्त १८! बाकी सारे व्यवहार 'पुट', 'गेट', 'गो', 'टेक', 'गिव्ह' अशा क्रियापदांना शेपट्या लावून भागवायचे. ती योजना पुढे मागे पडली. माझ्या मते तिचा दोष हाच की, शिकणाऱ्याला शब्द थोडे दिले पण शेपट्यांचे ओझे सगळे त्याच्याच डोक्यावर ठेवले. तिच्यापेक्षा उपयोगी काम मायकेल वेस्ट यांनी केले. ते १९२० च्या दशकात ढाक्यास होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून मोजक्या शब्दांत पुस्तके लिहीत. त्यांची सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. तेवढे शब्द पक्के असले की साधारण मजकुरातील शंभरापैकी ऐंशीच्या आसपास शब्द ओळखीचे निघतात. उरलेल्या विसांसाठी मात्र जन्म जातो. पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला की, बोलणे जवळजवळ सगळे समजायला सहा ते सात हजार शब्दकुळे लागतात आणि वर्तमानपत्र, कादंबरी वाचायला आठ ते नऊ हजार. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची लेकरे, सगळी मिळून एक. हा आकडा ऐकून कोणी घाबरू नये. आपल्याला परीक्षा द्यायची नाही.

शेपटीच्या क्रियापदांची गणतीही झालेली आहे. गार्डनर आणि डेव्हिस या दोघांनी २००७ साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश संग्रहात शोध घेतला. त्यांना असे आढळले की, नेहमीची शंभर क्रियापदेच निम्म्याहून अधिक वेळा येतात. पण त्या शंभरांचे अर्थ भरले ५५९! एकेकीचे पाच-साडेपाच अर्थ. मग २०१५ साली गार्निए आणि श्मिट यांनी १५० क्रियापदे घेऊन, त्यांचे जे अर्थ खरोखर नेहमी लागतात तेवढेच निवडले, आणि ते निघाले २८८. म्हणजे एकेकीचे दोनसुद्धा नाहीत. या १५० मध्ये सर्वांत पुढे आहे 'गो ऑन', आणि मागोमाग 'पिक अप', 'कम बॅक', 'फाइंड आउट', 'ग्रो अप' अशी घरगुती मंडळी आहेत. आठवड्याला पाच घेतली तर दीडशेंना तीस आठवडे. दिवाळीनंतर सुरुवात केली तर पुढच्या पावसाळ्यात यादी संपते.

पाठ कसे ठेवायचे? हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन विद्वानाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरे पाठ करायची आणि किती विसरली ते मोजायचे, असा त्याचा उद्योग. त्याला दिसले की विसरण्याचा मोठा सपाटा पहिल्या काही तासांत आणि दिवसांत चालतो, पुढे तो मंदावतो. आणि मध्ये मध्ये उजळणी केली तर पाठांतर टिकते. एका दिवसात दहा वेळा घोकण्यापेक्षा दहा दिवसांत विखरून घोकलेले बरे. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर याने यावरून एक खोका सुचवला. चिठ्ठीच्या एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ. खोक्यात कप्पे. आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात सरकते आणि ती अधिक दिवसांनी पाहायची. विसरलेली पहिल्या कप्प्यात परत येते आणि ती रोज पाहायची. आपल्या घरी याला खर्च शून्य. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. एवढा जाड, गुळगुळीत कागद विकत घ्यायला गेलो तर परवडणार नाही.

चिठ्ठीवर नुसता शब्द लिहू नये, वाक्य लिहावे आणि ते आपल्या घरातले असावे. 'रन आउट ऑफ' म्हणजे संपून जाणे. पुस्तकात पेट्रोल संपल्याचे वाक्य असते. माझ्या चिठ्ठीवर साखर संपली आहे, आणि ती आठवड्यातून एकदा खरोखरच संपते, म्हणून ती चिठ्ठी मी कधी विसरत नाही. कोश घेणार असाल तर शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवता शिकवता सहकाऱ्यांच्या मदतीने असा कोश तयार केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला, १९४८ साली ऑक्सफर्डने छापला आणि त्याच्या नवनव्या आवृत्त्या अजून निघतात. त्यात अर्थाबरोबर वाक्यात शब्द कसा बसतो तेही दिलेले असते, आणि आपल्याला नड त्याचीच असते.

व्याकरणाचा एकच नियम आज सांगते, कारण तो मोडला की लगेच कानाला खटकतो. दिवा लाव, हे 'पुट ऑन द लाइट' किंवा 'पुट द लाइट ऑन' असे दोन्ही प्रकारे चालते. पण दिव्याऐवजी 'इट' आला की तो मध्येच बसला पाहिजे. 'पुट इट ऑन' बरोबर, 'पुट ऑन इट' चूक. सर्वनाम हे लहान मूल आहे असे समजा. ते दोघांच्या मध्ये झोपते. मात्र 'लुक आफ्टर', 'लुक फॉर' अशा काहींना हे चालत नाही, ते मुलाला कडेला निजवतात. 'लुक आफ्टर हर' म्हणायचे, 'लुक हर आफ्टर' नाही. कोणती कोणत्या जातीची, ते कोश सांगतो आणि कान हळूहळू शिकतो.

कानाची आणखी एक गंमत. आपण रोज जे चेकअप, मेकअप, पिकअप, बॅकअप म्हणतो ती या क्रियापदांचीच नामे आहेत. म्हणजे आपल्याला दहा-बारा आधीच येतात. फरक एवढाच की नाम असते तेव्हा जोर पहिल्या शब्दावर पडतो आणि क्रियापद असते तेव्हा पुष्कळदा शेपटीवर. मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे कळेल.

आणि काही शेपट्या आपण भारतीयांनी स्वतःच चिकटवल्या आहेत. 'कोप अप विथ' आपल्याकडे सर्रास ऐकू येते. तिकडे नुसते 'कोप विथ' म्हणतात. "माझी मुलगी २०१९ साली पास आउट झाली" असे आपण अभिमानाने सांगतो, आणि तिकडच्या माणसाला वाटते, मुलीला घेरी आली! त्यांच्याकडे लष्करी शाळेच्या संचलनात तो शब्द आपल्या अर्थाने येतो, एरवी नाही. म्हणून येथे आपसांत बोलताना तो टाकून द्या असे मी म्हणणार नाही. दहा-वीस कोटी माणसे ज्या अर्थाने शब्द वापरतात तो अर्थ चूक कसा म्हणावा? पण विमानात बसण्यापूर्वी तो घरी ठेवावा.

असो. पुढल्या बुधवारी दुपारी तीन वाजता वर्ग नेहमीप्रमाणे मंडळाच्या खोलीतच आहे. प्रत्येकीने एक रिकामा खोका आणि वीस जुन्या पत्रिका आणाव्यात. कात्री मी आणीन. पहिली पाच क्रियापदे 'गो ऑन', 'फाइंड आउट', 'पुट ऑफ', 'कट डाउन' आणि 'हँग ऑन' ही घेऊ. ज्यांना दुपारी यायला जमत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी सहाचा दुसरा वर्ग काढायचा विचार आहे. त्यासाठी निदान आठ नावे हवीत. वही दाराशी ठेवली आहे.